एकाच बांबूच्या चार पी

प्रिय थानवा,

अक्षर शेजारच्या फिकुनचं आहे, राग माझा आहे. ही पोर मधेच थांबते आणि म्हणते, "आजी, एवढं टोचून नका ना सांगू, दादा दुखावेल." मी म्हटलं, दादा तीस वर्षांचा घोडा झालाय, तू लिही.

परवा तिनेच मला फोनवर तुझ्या खानावळीचा फोटो दाखवला. झकपक आहे हो. भाजल्या मिरचीची चटणी एवढ्याशा वाटीत, वर फूल खोचलेलं. आणि भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली तुझ्या आजोबांनी जन्मभर फुंकलेली मोठी पी. शेजारी दिवा, म्हणजे बांबू तापून तडकायची सोय. खाली पाटी. फिकुनने वाचली, "जुनी बासरी".

पीवाल्याच्या नातवाने बासरी लिहावं? बासरीला जीभ असते का रे? आपल्या पीला तांब्याची जीभ असते, तीच बोलते. तुमच्या बँकॉककडे मुष्टियुद्धातली पी वेगळी, मयताची वेगळी, पण दोघींना ताडाच्या पानाची जीभ. इसानवाल्यांचा खेन म्हणजे तर बांबूंची मोळीच. हे सगळं तू सातव्या वर्षी घडाघडा सांगायचास. आता पाट्या रंगवतोस.

आजोबांना अग्नी दिला त्या दिवशी तू ती सदऱ्यात गुंडाळून नेलीस आणि बस सुटल्यावर फोन केलास, "आजी, आठवण म्हणून घेतली." आठवणीला त्यांची टोपी होती खुंटीवर. त्या चार पी त्यांनी एकाच बांबूतून कापल्या. मुळाकडची जाड ती आई, तू नेलीस ती, वरची मधली, मग करंगळी, शेंड्याची धाकटी. एका बांबूतल्या, म्हणून एकमेकींचं ऐकतात. चुलीवरचं मडकं कापून कुणी वाटून घेतल्याचं ऐकलंस कधी?

तुझ्या कोंगखामकाकाने शेजारच्या गावातून एक आई उसनी आणली, वाजवणाऱ्यासकट. देवळाच्या उत्सवात वाजवली तर तिघी एकीकडे, ती परकी भलतीकडे. माझा गाण्यातला जोडीदार नोई मून माहीत आहे ना, एका कानाने बहिरा? त्यालासुद्धा कळलं. भर गाण्यात त्याने विचारलं, "वहिनी, घरात सुना भांडतायत का?" मीही जागच्या जागी कडवं जुळवून हाणलं, की सुना बिचाऱ्या गरीब आहेत, नातू तेवढा चोर निघाला. लोक हसले. मला नाही हसू आलं. चाळीस वर्षं त्या आईच्या सुरावर पाय ठेवून गायले मी. त्या दिवशी पाय टाकला, तर खाली काहीच नव्हतं.

घरी येऊन काका सुरी घेऊन मधलीची जीभ खरवडायला बसला, परकीशी जुळवायला म्हणे. मी सुरी काढून घेतली. तू एक नेलीस म्हणून उरलेल्या का बिघडवायच्या?

आता "पार्सलने पाठवतो" म्हणशील. मला पार्सल नको. काका मधली वाजवतो, बाकी दोन त्याच्या मुली. आई वाजवणारं घरात कोणी नाही. श्वास न तोडता ती फुंकायला आजोबांनी तुला एकट्यालाच शिकवलं, आणि तू तिथे चटणीवर फुलं खोचतोयस.

पुढचं ऐकून फिकुनची लेखणी थांबली होती, कशीबशी चालू केली आहे. काकाला यातलं माहीत नाही, नोई मूनला आहे, कारण त्यानेच मला मोटारसायकलवरून चियांग माईला नेलं. माझ्या घशात गाठ आहे. पावसाळा सरला की कापणार. जगाल, म्हणतो डॉक्टर. आवाजाचं विचारलं की कागद चाळत बसतो. त्याआधीच्या पौर्णिमेला देवळाच्या अंगणात मी आणि नोई मून गाणार आहोत. उसन्या सुरावर मी गाणार नाही. तेव्हा ये आणि वाजव. आणि रडत येऊ नकोस, रडणाऱ्याचा श्वास तुटतो, मग कडवं मला एकटीला ओढावं लागतं.

तुझ्यावर अजून चिडलेली, तरी तुझीच,
आजी