भातातली मिरची

ती. ताईस,

उभ्यानेच नमस्कार, वाकलं की बरगडी दुखते. बाकी मी ठणठणीत आहे. मोठं आतडं काढल्यावर डॉक्टरांनी लहान आतड्याची जी पिशवी आत शिवली, तीही शहाण्यासारखी वागते. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा घेते. तिखट मात्र तिला अजिबात खपत नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

बरगडीचं मीच सांगतो, दुसरीकडून कळायला नको. इथे कामावरच्या खोलीत माझ्याबरोबर एक सुतार राहायचा. ‘पोटाचे फार लाड करतोस,’ म्हणायचा. परवा त्याने माझ्या भाताखाली कुटलेली मिरची दडपली. भुकेच्या भरात चार घास गेल्यावर कळलं. पोटात आग पेटली, तसा तो संडासात शिरला आणि आतून कडी लावून बसला. मी विनवत होतो, तो हसत होता. शेवटी माझी पँट भरली. बाहेर येऊन त्याने ते पाहिलं आणि तो आणखी हसला.

मी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. त्याचा दात पडला. त्याने लाथ घातली, ती बरगडीवर बसली म्हणून पोट वाचलं. मग त्याला खाली पाडून मी गळा दाबला. डोळे पांढरे झाले तरी सोडला नाही. आवाज ऐकून आमचा फोरमन धावत आला, त्याने माझं एकेक बोट उचकटून सोडवलं.

काल तो दारात येऊन म्हणाला, “मला वाटलं, पिशवीच्या तू थापा मारतोस.” गळ्यावर माझी बोटं अजून उमटलेली आहेत.

ताई, फोरमन आला नसता तर मी सोडलं असतं का, ते मला सांगता येत नाही. आईला एवढंच सांग, भात पचतो.

तुझा,
धाकटा