आईसाठी जपानी फणी

ती. धोंडबा भाऊजींना बाबनरावाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सिंधूताई फोनवर ‘बरा आहे’ म्हणाली, पण ती तुमच्याबद्दल नेहमी बरंच बोलते (तुमच्यासमोर सोडून). उमरेडला सगळे खुशाल असालच.

इकडे मी आयातदार झालो. हसू नका. आईला, डोळे साथ देताहेत तोवर, एक शेवटचं करवतकाठी लुगडं विणायचंय. आमच्या मागाच्या फणीचे दात मात्र गंजून गेलेले. (फणी म्हणजे ताण्याचे धागे जिच्या दातांतून जातात ती, हे तुम्हा कोष्ट्याला सांगायला नको. अडचण एवढीच, की ते आता आपल्यालाच ठाऊक आहे.) जपानात नोकरीला असलेल्या आमच्या भूपेशनं तिकडून नवी पाठवली, ती विमानतळाजवळ, मिहानकडच्या कस्टमच्या गोदामात अडकली. फॉर्मात मालाचं नाव विचारलं होतं. मी डिक्शनरी काढून ‘फणी’चं इंग्रजी शोधलं आणि ठसठशीत अक्षरात ‘कोम्ब’ लिहिलं. फार अभिमान वाटला.

कस्टमच्या साहेबांनी खोकं मोजलं. सव्वा मीटर. ‘‘काका, हे कोनासाठी मागवलं?’’ मी खरं तेच सांगितलं, आईसाठी. साहेबांनी खोक्याला पुन्हा टेप लावला. ‘‘माय किती उंच आहे तुमची?’’ मग म्हणाले, धंद्यासाठी असेल तर लायसन लागतं. मी ताबडतोब स्कूटरचं काढून दिलं. (मुदत संपलेलं होतं, म्हणून पालथं ठेवलं.)

शेवटी तिथल्या एजंट मिनलताईंनी समजावलं. जकात मालाच्या नावावर ठरते. केसांच्या फणीचा दर वेगळा, मागाच्या भागाचा वेगळा. विकायला माल आणायचा तर आयातदाराचा कोड काढावा लागतो, घरच्या वापराला नाही. सगळं पटलं. पण ही फणी केसांची नाही, हे पटवणार कोण? दुसऱ्या दिवशी आईलाच ऑटोत बसवून नेलं. तिनं खोकं उघडायला लावलं, पदराचा एक धागा ओढून दातांतून ओवून दाखवला आणि साहेबांना म्हणाली, ‘‘यानं केस विंचरशीन त डोस्कं सोलून निघन, बाबू!’’ (त्यांना केस बेताचेच, त्यामुळे राग आला नसावा.) नाव दुरुस्त झालं, जकात भरली, फणी घरी आली. आई दुपारची आडवी होते तीही फणी उशाशी घेऊन. मला फार बरं वाटतं, भाऊजी.

ताईला नमस्कार, प्रणालीला आशीर्वाद.

आपला,
बाबनराव

ता. क. फणी आमच्या मागाला चार बोटं मोठी निघाली. (माप मीच कळवलं होतं.) तुमच्या ओसरीतला माग रुंद आहे. त्यावरचे पापड काढून ठेवा. रविवारी आईला घेऊन येतो. दोन महिने राहील.

ता. क. दुसरा. लुगडं कोणाचं ते आईनं सांगू नको म्हटलं होतं, पण तुमचाच माग मागायचा तर लपवू कसं? प्रणालीच्या लग्नाचं आहे. तुमच्या पोरीला मात्र कळू देऊ नका. विचारलंच तर सांगा, आजी जरा केस विंचरायला आली आहे.