ताटलीत चिमूटभर साखर

क्लोनडॉकिन, डब्लिन
४ ऑक्टोबर २०२०

ती. सुहासिनीआत्यास,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं पटत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, बोटं गारठली आहेत. हीटर संध्याकाळी एकच तास लावायचा, असा तुझ्या जावयाचा, विशालचा, कायदा आहे.

तू विचारलंस, एवढा पगार जातो तरी कुठे? ऐक. निम्मा घरभाड्यात. मग पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता. कोथिंबिरीच्या सात काड्या दीड युरोला मिळतात. घरात टीव्ही ठेवायला लायसन काढावं लागतं, बंदूक असल्यासारखं. आणि आत्या, बसून वाच, कचरा न्यायला आपणच पैसे द्यायचे! विशालचे केस मी कापते. डावी बाजू बरी जमली आहे, ऑफिसच्या मीटिंगला तो तीच कॅमेऱ्याकडे ठेवतो.

यातून वाचवून एका डब्यात मी माझी फी साठवते आहे. इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीची फी जानेवारीअखेर भरली नाही, तर पुन्हा सगळे कागद पहिल्यापासून. मिरजेत दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणारी मी, इथे येऊन नऊ महिने झाले, एका गुडघ्याला हात लागलेला नाही. वेड लागेल गं मला.

एक गोड बातमी. शेजारच्या ब्रीडाबाई, सत्तरीच्या, एकट्याच असतात. लॉकडाऊनमुळे कुणाच्या घरात जायची सोय नाही, तर त्यांनी मधल्या भिंतीवर निळ्या फुलांच्या ताटलीत सफरचंदाचा टार्ट ठेवला. टार्ट संपला. आता ताटली परत देताना काय घालू?

तुझ्या शिव्यांची आणि आशीर्वादांची वाट पाहणारी,
सुरुची

मिरज
११ ऑक्टोबर २०२०

चि. सौ. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ह्यांना पाणी आणायला सांगितलं. कचऱ्याचे पैसे आपण द्यायचे? मी रद्दीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास भांडते, जमलं तर वर चहाही त्यालाच करायला लावीन, आणि माझी भाची कचरा नेणाऱ्याला पैसे मोजते! ह्यांना हे खोटं वाटतं आहे. त्यांचं म्हणणं, तुला कुणीतरी फसवलं.

ताटली रिकामी द्यायची नाही, एवढं तुला सांगावं लागतं? शेजारणीने भरून दिलं आणि आपण मोकळं भांडं परत केलं, अशी बाई आपल्या घरात आजवर झाली नाही. आणि परदेशात तर अजिबात नाही, नावाचा प्रश्न आहे. काजूकतली कर. पातळ लाट म्हणजे जास्त दिसेल.

फीच्या डब्याला हात लावू नकोस. ती भरलीच पाहिजे. तुझ्या शिक्षणापायी तुझ्या वडिलांनी काय केलं, मी पाहिलं आहे.

तुझी काळजी करणं हा माझा धंदाच झाला आहे, तो असाच चालू दे.
सुहासिनीआत्या

क्लोनडॉकिन
२२ नोव्हेंबर २०२०

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आत्या, घात झाला. त्यांच्यातही रिकामी ताटली देत नाहीत!

मी काजूकतली दिली. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीत सोडा घातलेला पाव. मी रव्याचे लाडू दिले. त्यांनी स्कोन, म्हणजे इथले छोटे गोडसर पाव, दिले. दिवाळीत मी चकल्या आणि अनारसे दिले, तर त्यांनी नाताळचा केक एक महिना आधीच दिला. त्यात एवढी व्हिस्की होती की विशालने दोन तुकडे खाल्ले आणि हीटर आपणहून तीन तास लावला.

इथे काजू काय भावाने मिळतात ते तुला सांगत नाही, पुन्हा पाणी लागेल. काजू, तूप, वेलची, वर ओव्हनची वीज. शेवटी फीच्या डब्यात हात घालावा लागला. एकदा नाही, चारदा. विशाल म्हणतो, बंद कर हा प्रकार. त्याला काय जातं बोलायला! तो प्लांटमध्ये जातो, दिवसभर माणसं बघतो. मी दिवसभरात बोलते ती फक्त ब्रीडाबाईंशी, भिंतीच्या अलीकडून पलीकडे, पाच मिनिटं. त्या विशालला 'युअर मॅन' म्हणतात, मला रोज विचारतात की गरम पाण्याचा हीटर बंद केलास ना. इथल्या बायकांना त्याची तितकीच धास्ती आहे जितकी तुला गॅसच्या नॉबची. ती पाच मिनिटं गेली तर माझ्याजवळ काय राहील? आणि फी गेली तर?

काहीतरी उपाय सांग. गोंधळलेली,
सुरुची

मिरज
२९ नोव्हेंबर २०२०

चि. सौ. सुरुचीस, अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, एवढी शिकलीस आणि साधी गोष्ट कशी सुचली नाही? चिमूटभर साखर घाल. ताटली मोकळी नाही, शास्त्र पाळलं गेलं, खर्च शून्य. माझ्या सासूबाई आयुष्यभर हेच करत आल्या आणि गल्लीत कुणाची बोट दाखवायची टाप नव्हती. साखर म्हणजे गोडी राहू दे, एवढं जगात कुणालाही कळतं.

चिमूट म्हणजे चिमूटच हं. तुझा हात सढळ आहे.

माझी माया आहे तशीच आहे, तिला मात्र चिमटीत मोजू नकोस.
सुहासिनीआत्या

क्लोनडॉकिन
१० जानेवारी २०२१

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

जगात कुणालाही कळतं म्हणालीस. डब्लिनमध्ये कळत नाही.

मी ताटली स्वच्छ धुऊन, पुसून, मधोमध चिमूटभर साखर ठेवून भिंतीवर ठेवली. ब्रीडाबाईंनी बराच वेळ त्या साखरेकडे पाहिलं. दोन दिवसांनी टार्ट आला, नेहमीपेक्षा गोड. मी पुन्हा साखर ठेवली. पुढचा टार्ट एवढा गोड की विशालची दाढ दुखायला लागली. इथल्या दाताच्या डॉक्टरची फी ऐकून दुखायची थांबली. मी तिसऱ्यांदा साखर ठेवली. त्यानंतर जे आलं त्याला टार्ट म्हणवत नाही, ती सफरचंद लावलेली साखरच होती.

चौथ्या साखरेनंतर काही आलं नाही. नाताळ गेला, नवीन वर्ष आलं. ब्रीडाबाई बाहेर दिसल्या की मान खाली घालून आत जातात. हीटर बंद केलास का, हेसुद्धा विचारत नाहीत.

फीचा डबा पुन्हा भरत आला आहे. पण आत्या, काल मी विशालला विचारलं की आज दिवसभरात मी कुणाशी बोलले, आणि रडले. माझं काय चुकलं ते सांग.

तुझी,
सुरुची

मिरज
१२ जानेवारी २०२१

चि. सुरुचीस, आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही, माझं डोकं चुकलं. त्या बाईला वाटलं असणार, तू तिचा पदार्थ गोडाला कमी म्हणते आहेस! चार वेळा! माझ्या पुरणपोळीवर कुणी असं केलं असतं तर मी भिंत आणखी दोन फूट चढवली असती.

आत्ताच्या आत्ता भिंतीपाशी जा आणि खरं सांग. पैसे पुरत नाहीत हेही सांग. लाज वाटली तर माझ्या नावावर खपव.

आत्या

क्लोनडॉकिन
३१ जानेवारी २०२१

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

गेले. हाका मारल्या. आधी आल्याच नाहीत. मग मी भिंतीवरून ओरडूनच सगळं सांगितलं: साखर म्हणजे काय, मिरजेची आत्या म्हणजे कोण, माझी फी, काजूचा भाव, सगळं. पलीकडच्या घरातला माणूस कुत्र्यासकट थांबून ऐकत होता. शेवटी म्हटलं की मला तुमचा टार्ट नको, तुम्ही हव्यात. आणि रडले, अजून काय करणार.

ब्रीडाबाई दार उघडून चपलांशिवायच बाहेर आल्या. त्या हसत होत्या का रडत होत्या ते कळेना. म्हणाल्या, तीन महिने त्यांचं पेन्शन लोण्यात चाललं होतं. माझं काहीतरी आलं की त्यांचा जीव गोळा व्हायचा, आता ह्याला उत्तर काय द्यायचं! साखर पाहून तर त्यांना वाटलं, आपल्या हातची चव गेली, वय झालं. त्यांनी मुलीला ॲथलोनला फोन करून तसं सांगितलंही होतं. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आमचं ठरलं. ताटली त्यांच्याच कपाटात. पदार्थ बंद. रोज अकरा वाजता आपापला चहा घेऊन भिंतीशी यायचं आणि फुकट बोलायचं. परवा अर्धा तास झाला, माझे पाय बर्फ झाले, पण ग्रँड वाटलं, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. काल भिंतीपलीकडून त्यांना गुडघ्याचे व्यायाम शिकवले. पैसे घेतले नाहीत, लायसन नाही ना अजून.

आणि आत्या, आज फी भरली! शेवटच्या दिवशी, पण पूर्ण!

आनंदाने नाचणारी तुझी,
सुरुची

मिरज
७ फेब्रुवारी २०२१

चि. सौ. सुरुचीस, अनेक अनेक आशीर्वाद.

फी भरलीस हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. त्याचा गैरसमज होणार नाही अशी आशा आहे. शहाणी गं माझी पोर. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

तुमचं ठरलेलं मला इतकं पटलं की आपणही असंच करावं म्हणून काल शेजारच्या माधवीवहिनींची वाटी मुद्दाम रिकामी परत केली. वाटी घेऊन त्या तडक घरी पळाल्या. पाच मिनिटांत मास्क लावून, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन दारात हजर! सुहासिनीबाईंनी रिकामी वाटी दिली म्हणजे कोरोना डोक्यात गेला असणार, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. मी घसा फोडून सांगते आहे की बाई, मी ठणठणीत आहे, तर तेही आजाराचंच लक्षण धरतात.

कालपासून दाराशी लोकांनी खिमट, पेज, सूप आणि आयुर्वेदिक काढे आणून ठेवले आहेत. ह्यांनी सगळं मिटक्या मारत संपवलं. आता ओट्यावर अकरा भांडी घासून पालथी घातली आहेत, आणि मी त्या भांड्यांसमोर बसून हे पत्र लिहिते आहे.

काजूचा इथला भाव काय आहे, ते आता मला विचारू नकोस.

तुझीच,
सुहासिनीआत्या