मी खोडलेल्या ओळी

प्रिय पंकजा,

माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पण माझा फोन तू उचलत नाहीस आणि ऑफिसच्या मेलवर हे लिहिण्यासारखं नाही, म्हणून माझ्या भावाच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. फाडायची तर वाचून फाड.

राहुरीत आपण एकाच बाकावर व्हिज्युअल बेसिक शिकलो. मी पुण्यात कंपनीत गेलो आणि गिऱ्हाईक मागेल ती भाषा शिकत राहिलो. तू धरणाच्या ऑफिसात लागलीस आणि त्याच जुन्या भाषेत इशाऱ्याचा प्रोग्राम लिहिलास, नदीत पाणी सोडायच्या आधी काठावरचे फोन वाजवणारा. मी किती चिडवायचो तुला! सरकारला एखादी भाषा पटेपर्यंत बाजार तिला विसरलेला असतो, म्हणायचो. आता सरकारलाच एकदम जाग आली. परिपत्रक निघालं, सगळं पायथनमध्ये हवं, तेही मार्चच्या आत. काम आमच्या कंपनीला मिळालं आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलं.

तुझा प्रोग्राम उघडला तेव्हा मी हसलो गं. मध्येच ऊसतोडीच्या मुकादमांचे नंबर, दर हंगामाला तू हाताने बदललेले. आमच्याकडे याला केरकचरा म्हणतात. नंबर सरकारी नोंदीतल्या पत्त्यावरून घ्यावेत असं टेंडरात स्पष्ट होतं. मी त्या ओळी खोडल्या.

परवा चाचणी झाली. प्रवरेकाठच्या बेलापुरातले फोन खणाखणा वाजले. तिथले एक गुरुजी सध्या नाशिकला लेकीकडे आहेत, त्यांनासुद्धा इशारा पोचला. साहेब खूश! मी पाय मोकळे करायला नदीकडे गेलो. काठाने ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडलेल्या, पाचटाच्या झोपड्या, बाया पात्रात धुणं धूत होत्या, पोरं आणि बैल पाण्यात. बजरंग मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, आमाला काय बी आलं न्हाई, दरसाल येतंय की. या सगळ्यांचे पत्ते पाथर्डीचे. कागदावर ती माणसं कोरड्या माळावर राहतात आणि झोपतात प्रवरेच्या काठी.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ऊसतोडीवाले टेंडरात कुठे आहेत? भाषेचा काही दोष नाही, पंकजा. त्या ओळी पायथनमध्ये दुपारभरात बसतात. पण एक अक्षर बदललं की चाचणी पुन्हा, आणि मार्च हुकतो. मला ताकीदच मिळाली, तोंड उघडलंस तर घरी बस. आमच्या अण्णांचं डायलिसिस माझ्या नोकरीच्या विम्यावर चाललंय, तुला माहीत नसेल. मला भीती वाटते, लाजही वाटते.

उद्या सकाळी आम्ही तुझ्या टेबलासमोर असू. तू सही केलीस की तुझा प्रोग्राम बंद होणार, आणि गुरुवारी धरणातून नदीत पाण्याचं आवर्तन सुटतंय. आपणहून बोलायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून तू पेन उचलण्याआधी मला विचार, साहेबांच्या देखत विचार, कोप्यांपर्यंत इशारा पोचला का. मी पुण्याला निघालो तेव्हा, माझ्यासाठी इथंच राहशील का, असं तू विचारलंस आणि मी तोंडावर नाही म्हणालो होतो. खोटं तरी बोलायचंस, म्हणून रडली होतीस. तुझ्यासमोर खोटं बोलणं मला अजून जमत नाही. तेवढं विचार.

तू मान, नको मानू, तुझाच
कल्याण