नागुबाई बसते त्या घरी

उदगीर, ४ मे १९८३

चि. रत्नम्मास बसवंतअण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या रंगल्या, आपले नळ मात्र कोरडेच. टँकरच्या पाण्यानं गल्लीत हगवण पसरली आहे. तुझी वहिनी शिवम्मा कालपासून अंथरुणावर. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले.

मला भीती दुसरीच आहे. आजाऱ्यापाशी बसून ओठ ओले करणारी नागुबाई तुला आठवत असेल. या साथीत ती चार घरी बसली, चारी घरांतून माणूस गेलं. आता तिला पाहून लोक कवाडं लावतात. आज ती न बोलावता आपल्या ओट्यावर येऊन बसली. हाकललं तरी हलत नाही. गल्लीतली पोरं दगड हातात घेऊन उभी आहेत. तू कॉलेजात ते संभाव्यता का काय शिकतेस ना. चारात चार म्हणजे तुझं पुस्तक काय म्हणतं, ते लगोलग कळव.

तुझा अण्णा

नांदेड, ७ मे

ती. अण्णांना रत्नम्माचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी ते दगड थांबवा. अण्णा, चारात चार हे कोणी मोजलं? माणूस गेलं त्याच घरांची गोष्ट लोक सांगतात. ती बसली आणि माणूस उठून कामाला लागलं, ते घर कोणाच्या ध्यानात राहतं? शिवाय तिला बोलावतात कधी, तर डॉक्टरांनी हात टेकल्यावर. तिच्यामुळे माणूस जातं, की जायला टेकलं म्हणून ती येते? ती बसली त्यांतले किती वाचले आणि कवाड लावलं त्या घरांतले किती गेले, हे दोन्ही विचारून या. तोवर तिच्यावर बोट ठेवू नका. वहिनींना मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. जीव तिकडेच लागला आहे.

तुमची रत्नम्मा

उदगीर, १३ मे

चि. रत्नम्मास आशीर्वाद. वि. वि.

घरोघर फिरलो, शिव्याही खाल्ल्या. पण ती बसूनही उठलेली माणसं निघाली, गेलेल्यांहून जास्तच. गंगम्मा तर जात्यावर दळत होती. कवाड लावलेल्या घरांतूनही मयती झाल्याच आहेत. हे सांगितलं तेव्हा पोरांनी दगड टाकून दिले. नागुबाईला आत घेतलं. शिवम्मा आता माझ्यावर खेकसते, म्हणजे बरी आहे.

पण म्हातारीला विचारलं, न बोलावता कशी आलीस? तर म्हणाली, एक ओल्या परकराची पोरगी म्होरं चालती, ती शिरंल त्या घरी मी जाते. माणूस तिच्यासंगं एकटं पडू न्हाई. या दुष्काळात ओला परकर! मी हसलो. काल तिनं तुझ्या वसतिगृहाचा पत्ता विचारला आणि आज पहाटे नांदेडची एस.टी. धरली.

तू बरी आहेस ना?

तुझा अण्णा

नांदेड, १९ मे

ती. अण्णा-वहिनींना नमस्कार. वि. वि.

नागुबाई आली तेव्हा मी ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. वसतिगृहात निम्म्या मुली आजारी, माझा नंबर लागण्यात नवल नाही. वर्गात विचारलं असतं तर हेच उत्तर दिलं असतं. अंथरुणात मात्र त्या उत्तरानं धीर आला नाही. पायथ्याशी कोणी उभं आहे असं वाटे, डोळे उघडायची हिंमत होत नव्हती. नागुबाईनं माझा हात सोडला नाही. ती बोलत होती, पण माझ्याशी नाही. पायथ्याकडे बघून कोणाला तरी समजावत होती, की हिला ऱ्हाऊ दे, बाई.

आज उतार पडला, पेज प्याले. काळजी करू नका, माया मात्र आहे तेवढी असू द्या.

मी पेज संपवल्यावर ती उठली. उदगीरला जा म्हटलं, तर नायगावच्या गाडीत बसली. तिथं कोण आजारी आहे, असं विचारलं.

म्हणाली, अजून कुणीच न्हाई.

तुमची रत्नम्मा