शॉक भिंतीच्या बाहेर बसतो

३ मार्च
माझ्या हातचं: शिरूरच्या गाळ्याचं सगळं वायरिंग. सागवानी स्विचबोर्ड, कोपरे गुण्या लावून काटकोनात. घरची बेल. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा, सहा फूट, मीठ-कोळशाचे थर मोजून. क्लास नाही, गुरू नाही. तेरा वर्षं तक्रार नाही.
आज आली. गाळ्यात राजश्री ब्लाऊज शिवते. म्हणाली, आप्पा, मशिनीच्या लोखंडी टेबलाला हात लागला की शॉक बसतोय. म्हटलं, टेबल नवीन आहे, सवय होईल.

५ मार्च
भाडेकरार काढला. मीच लिहिलेला. कलम सात: भिंतीच्या आतलं मालकाचं, बाहेरचं भाडेकरूचं. शॉक भिंतीच्या बाहेर बसतो. म्हणजे भाडेकरूचा. शांतपणे समजावलं. ती म्हणाली, मग करंट काय एसटीनं येतो व्हय?
करार घडी घालून ठेवला.

८ मार्च
निरीक्षण: चपला घातलेल्यांना शॉक बसत नाही. दोष वायरिंगचा नाही, पायांचा. पाटी रंगवली: 'चपला काढू नयेत.' अक्षर सुरेख. राजश्री म्हणाली, खाली लोकांच्या पैठण्या पसरलेल्या असत्यात, त्यावर चपला? तिने पाटी उलटी टांगली.

११ मार्च
धुरपदामावशी मापाला आल्या, टेबलाला टेकल्या, उडाल्या. राजश्री म्हणाली, गिऱ्हाईक मापाला येतंय, नाचायला न्हाई. कोण मेलं म्हंजी करार दाखवणार का?
सूर आवडला नाही. उद्या स्वतः अनवाणी हात लावून दाखवणार.

१२ मार्च
दाखवलं. डावा हात.
लिहिणं उजव्याने होतं.

१४ मार्च
राजश्रीने लायसनवाला वायरमन आणला. महेंद्र. बोर्ड उघडून दोन पावलं मागे सरला. आदर असावा. मग अर्थिंग विचारलं. खड्डा दाखवला. दर गुरुवारी पाणी घालतो, तेही सांगितलं. म्हणाला, खड्डा एक नंबर, पण ह्याची वायर बोर्डापर्यंत गेलीच न्हाई की!
वायर शोधली. तिच्यावर परकर वाळत होते. आमची बायको रंभा म्हणाली, तेरा वर्षं वाळत्यात, आत्ता दिसले?
जोडणी दुसऱ्या टप्प्यात होती. रविवारी मीच करणार.

१६ मार्च
केली. बोर्डाने किंचित धूर सोडला. एक ब्लाऊज गेला. तोही अर्धवट शिवलेला.

२ एप्रिल
गाळा रिकामा. राजश्री समोर हरिबाच्या गाळ्यात. तिथे बायका अनवाणी, टेबलाला टेकून गप्पा मारतात. मुद्दाम.
एक जण गाळा बघायला आला. वायरिंग कुणाचं, विचारलं. सांगितलं. चहा न घेता गेला.
नोंद असावी म्हणून: जाण्याआधी तिने विचारलं होतं. नवीन वायरिंग ती स्वखर्चाने करणार, भाडंही तेच देणार. अट एकच, काम होईपर्यंत मी राहू गावी माझ्या बहिणीकडे जाऊन राहायचं. मी नाही म्हटलं. वायरिंगचे बावीस हजार चारशे रुपये. एसटीचं तिकीट वेगळं, तेही तीच काढणार होती.