म्हैसमाळची दुसरी माशी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर

प्रिय मेघा,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. लासूर स्टेशनचा पत्ता तुझ्या आईंनी दिला. तू तिथं शाळेत विज्ञान शिकवतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. सर निवृत्त झाले, कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडं आल्या. ऑगस्टमध्ये म्हैसमाळच्या त्या पाझरणाऱ्या कड्यावरून एक क्रेन फ्लाय आणली. लोक मोठा डास समजून चापट मारतात, तीच आपली लांब पायांची माशी. नर होता. पोटाचं टोक स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि माझा हात थांबला. मादीला धरायच्या त्याच्या चिमट्याच्या आत केसाहून बारीक आकडा, आणि त्याला दोन फाटे! ओळखीच्या जातीत एकच असतो.

मग त्याच कड्यावरून तू आणलेल्या माशीची जुनी पेटी काढली. चिठ्ठीवर तुझी हिरवी शाई, माशीला तीनच पाय उरलेले. तेव्हा आपल्याकडं डीएनए बारकोडिंगची सोय नव्हती. आता पायाचा तुकडा पुरतो. त्यातून जनुकाची साडेसहाशे अक्षरं वाचायची आणि जगभरच्या नोंदींशी ताडून बघायची. दोन्ही माश्यांचा एकेक पाय पाठवला.

मागच्या मंगळवारी निकाल आला. तुझ्या आणि माझ्या माशीत फक्त दोन अक्षरांचा फरक. ओळखीच्या जातीपासून मात्र सत्तर अक्षरं वेगळी, आणि जगातल्या कुठल्याच नोंदीशी मेळ नाही. मेघा, पंख फुटल्यावर चार-पाच दिवस जगणारा हा जीव लाखो वर्षं त्या ओल्या शेवाळावर पिढ्या काढतोय, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, बिननावाचा! माझे डोळे भरून आले. आपले सांडूमामा चहा घेऊन आले होते. “म्याडम, रडायलात का?” म्हणाले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. लई वेळ डोळा काढला नाही त्यांनी. मग हळूच म्हणाले, “एवढुशा माशीला एवढी नक्षी? कुणी बघावं म्हणून केली असंल?”

तो दुफाटा आकडा मी पहिल्यांदा बघत नव्हते. सात वर्षांपूर्वी तू सरांपुढं त्याचं चित्र ठेवून म्हणालीस, “सर, ही वेगळी जात आहे.” सरांनी मला विचारलं, “करुणा, तू नमुना बघितलास ना?” मी म्हणाले, “काचेखाली दबून टोक फाटलंय, सर.” सर हसले. तू चित्राची घडी घातलीस आणि आठवड्याभरात संशोधनच सोडलंस. टोक फाटलेलं नव्हतं, मेघा. दोन्ही फाटे मी स्वच्छ पाहिले होते. त्या कड्यावरच्या सगळ्या माश्या एकाच जातीच्या, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं होतं, आणि पंधरा दिवसांत तो द्यायचा होता.

सोबत नव्या जातीवरचा शोधनिबंध आहे. पहिलं नाव तुझं. चित्रही तुझंच, पेटीच्या तळाशी त्याची प्रत सापडली. त्या दिवशी मी काय पाहिलं आणि सरांना काय सांगितलं, ते मी विभागप्रमुखांना लेखी कळवलंय. प्रबंधाचं काय करायचं ते आता ते ठरवतील. तुझ्या सहीशिवाय निबंध पाठवता येत नाही. जातीच्या नावाची जागा कोरी ठेवलीय, ते तू ठेवायचंस. सही केलीस म्हणजे मला माफ केलंस, असं मी धरणार नाही.

तू मानलंस तर तुझीच,
करुणा